नावाड्याचा उतारा

आमच्या घरात सौदीकरण एकदा होऊन गेलं होतं. गोवर येऊन जावा तसं ते येऊन गेलं, आता परत येत नाही, अशी माझी समजूत होती. नवऱ्याची पाइपिंग इन्स्पेक्टरची जागा स्थानिक माणसाला गेली. जाण्याआधी त्या माणसाला काम यानेच शिकवलं. कंपनीने केक कापला, काचेची ढाल दिली आणि हा नाशिकला परतला. आता तो गच्चीवर टोमॅटो लावतो आणि मला फोनवर सल्ले देतो. मी सौदीतच मागे राहिले, कारण धाकटीचं इंजिनिअरिंग पुरं व्हायचं होतं आणि घरात पगार आणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

माझी नोकरी रास अल खैरच्या वाटेवर, एका चिनी कंत्राटदाराच्या कॅम्पमध्ये होती. काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, चिनी मुलांना इंग्रजी शिकवते. ते तितकंसं खरं नव्हतं. तिथल्या इंजिनिअरांची अकरावी-बारावीची मुलं त्यांच्या देशातल्या शाळेचे धडे ऑनलाइन घ्यायची आणि मोठ्या प्रवेशपरीक्षेला घरी जायची. त्या परीक्षेत इंग्रजीचे उतारे येतात. मुलाखतीतच चिनी मॅनेजरने मला स्पष्ट सांगितलं होतं, "बोलणं नको. निबंध नको. फक्त उतारे. उताऱ्याला मार्क जास्त." मला असा माणूस आवडतो. काय हवं ते त्याला माहीत होतं आणि काय नको तेही.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मुलं उतारा वाचतच नाहीत. आधी प्रश्न वाचायचे. मग प्रश्नातला एखादा ठसठशीत शब्द उताऱ्यात बोटाने शोधायचा, त्याच्या मागची-पुढची ओळ बघायची, चार पर्यायांपैकी दोन खोडायचे आणि उरलेल्या दोनांत जो जास्त मिळमिळीत, तो निवडायचा. 'नेहमी', 'कधीच', 'सर्वजण' असे शब्द ज्यात आहेत तो पर्याय बहुधा चूक. लेखकाचा दृष्टिकोन विचारला असेल तर 'उदासीन' हे उत्तर कधीच नसतं, कारण ज्याला काही वाटत नाही तो एवढं लिहील कशाला?

मला हे सगळं अगदी माहेरचं वाटलं. आमच्या शाळेत रीत अशीच होती. प्रश्नाची शेपटी उताऱ्यात सापडली की तिथून दोन ओळी उचलायच्या आणि उत्तरपत्रिकेत अलगद ठेवायच्या. अर्थ कळलाच पाहिजे अशी अट कुठल्याच बोर्डाने घातली नव्हती. मी त्या रीतीवर पहिली यायचे, पुढे त्याच रीतीवर भारतीय शाळांत वीस वर्षं शिकवलं. त्यामुळे चिनी पद्धत सुधारण्याच्या भानगडीत न पडता मी ती नीट लावली. उताऱ्यांची एक जाड फाईल केली. प्रत्येक उताऱ्यावर क्रमांक, प्रश्नांचे प्रकार आणि चिठ्ठी: हिरवी म्हणजे सोपा, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कठीण. मुलांचे मार्क वाढले. मॅनेजर खूश. मुलंही खूश असावीत. त्यांच्या तोंडून मी ए, बी, सी, डी यापलीकडे इंग्रजी फारसं ऐकलं नव्हतं, तेव्हा खात्रीने सांगता येणार नाही.

मग एके दिवशी एचआरच्या सौदी साहेबांनी बोलावलं. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी कॉफी ओतली आणि खजूर पुढे केले. खजूर पुढे आले की बातमी वाईट असते, हे मला नवऱ्याच्या वेळेपासून माहीत होतं.

"मॅडम, तुमचं काम उत्तम आहे," ते म्हणाले.

"माझी जागा सौदीकरणाच्या यादीत आली का?"

"शिक्षकाची जागा यादीत आली आहे. तुम्ही नाही."

"शिक्षकाच्या जागेवर मीच आहे."

"हो," ते खेदाने म्हणाले, "असा योगायोग झालाय खरा."

ठरलं ते असं. एक स्थानिक पदवीधर मुलगी येईल. सत्र संपेपर्यंत मी तिला तयार करायचं. सत्राच्या शेवटी ती मॅनेजर आणि साहेबांसमोर एक तास घेईल, आणि तो तास बघून माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, वाढवायचा की मला परतीचं तिकीट द्यायचं ते ठरेल. माझा इकामा त्याच महिन्यात संपत होता. मी होकार दिला, उरलेले खजूर संपवले आणि खोलीवर येऊन हस्तांतराची यादी करायला घेतली. दुसरं करण्यासारखं काही असतं तर तेही यादीत घातलं असतं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तास चांगला झाला तर म्हणतील, व्यवस्था बसली, आता बाईंची गरज नाही. वाईट झाला तर म्हणतील, बाईंनी नीट शिकवलं नाही."

"मग मी काय करू?"

"मी माझ्या माणसाला झकास शिकवलं होतं. बघ मी कुठे आहे. टोमॅटोला पाणी घालतोय."

"म्हणजे वाईट शिकवू?"

"तुला जमणार नाही," तो म्हणाला. "तुझी फाईलच आडवी येईल."

माझी वारसदार आली ती स्वतः गाडी चालवत, जुबैलहून. अंगावर काळा अबाया, पायांत पांढरे धावायचे बूट. इतकी वर्षं कंपनीच्या बसची वाट बघत उन्हात उभी राहणारी मी, तिची गाडी लावून होईपर्यंत बघत राहिले. तिकडे शिक्षिकेला 'अबला' म्हणतात, म्हणून तीही मला अबला म्हणू लागली. मी हे नवऱ्याला सांगायला नको होतं. त्या दिवसापासून तोही फोन उचलला की म्हणायचा, "बोला अबला."

मुलगी हुशार होती, वेळेवर यायची, येताना दोघींसाठी कडक चहा आणायची. तिच्यात दोष एकच होता. ती उतारा वाचायची. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ओठ हलवत. आणि वाचून झाला की तिला त्यावर काहीतरी म्हणायचं असायचं. थंड देशातली एक बाई कुत्र्याला घेऊन बेचाळीस किलोमीटर पळते, असा एक साधा हिरव्या चिठ्ठीचा उतारा होता.

"अबला, या बाईला घरी कोणी नाही का?"

"प्रश्न दुसरा बघ."

"आणि त्या कुत्र्याला कोणी विचारलं?"

"कुत्र्यावर प्रश्न नाही."

"पण पळतोय तर तोच!"

मी तिला खोडायच्या युक्त्या शिकवल्या, त्या तिने वहीत सुरेख अक्षरात लिहून घेतल्या आणि पुढचा उतारा पुन्हा ओठ हलवत वाचायला घेतला. विद्यापीठातही असंच व्हायचं, तिने सांगितलं; तिचा पहिला उतारा वाचून आणि त्यावर विचार करून होईपर्यंत पेपर गोळा करायला यायचे. मला तिची काळजी वाटू लागली आणि मग लक्षात आलं, की काळजी खरं तर माझी करायला हवी.

तासासाठी उतारा मीच निवडला. परीक्षेत येणाऱ्या चारही प्रकारचे प्रश्न एकेक, लांबी बेताची, पिवळी चिठ्ठी. त्यातले प्रश्न मला पाठ होते. गोष्ट कशाची होती ते काही आठवत नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

तासाला मॅनेजर मागच्या बाकावर बसला, फोनवर घड्याळ लावून. शेजारी एचआरचे साहेब, हातात खजुराची बशी. मी दाराशी, हस्तांतराची यादी घेऊन. वर्गात पाच मुलं. माझ्या वारसदाराने उतारा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, गेली दहा मिनिटं.

उतारा असा होता. एका नदीवर एक नावाडी असतो. सरकार तिथे पूल बांधायला घेतं. मजूर अलीकडच्या गावात राहतात, काम पलीकडच्या काठावरून सुरू होतं. तेव्हा तो नावाडी रोज सकाळी पूल बांधणाऱ्या मजुरांना पलीकडे नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. पाणी कुठे खोल आहे, खांब कुठे टिकेल, हेही तोच त्यांना सांगतो. पूल पुरा होत येतो. संपला उतारा.

ती फळ्याकडे वळली, पहिला प्रश्न लिहायला हात वर नेला आणि थांबली.

"थांबा. हा त्यांना रोज पलीकडे नेत होता?"

"हो. परिच्छेद दोन," वर्गातली सगळ्यात उंच मुलगी म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात वेगवान मुलगीही होती; पूर्ण पेपर संपवून खिडकीबाहेर बघत बसायची.

"का पण?"

"तसा प्रश्न नाही," उंच मुलगी म्हणाली. माझं काम मी चोख केलं होतं.

"माझा आहे तो प्रश्न," माझी वारसदार म्हणाली.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मग चष्मेवाल्या मुलाने हात वर केला. "मी असतो तर नाव मध्येच उलटवली असती."

"मग तूही बुडशील."

"मला पोहता येतं. मजुरांचं माहीत नाही."

वर्ग हसला. त्या वर्गात हसू फुटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. कोणी म्हणालं, पूल होणारच होता, याने नेलं नसतं तर दुसऱ्याने नेलं असतं. कोणी म्हणालं, त्याला भाडं मिळत होतं, इतक्या वर्षांत सर्वात जास्त उतारू त्याच वर्षी. मोडकं इंग्रजी, पण पूर्ण वाक्यं. एकजण तर नावाड्याच्या बायकोबद्दलही काहीतरी बोलला, जी उताऱ्यात नव्हतीच. मागे मॅनेजर फोनमधल्या घड्याळाकडे बघत होता.

आणि मग ती उंच मुलगी माझ्याकडे वळली.

"मिस, तुम्ही यांना का शिकवता?"

साहेबांचा खजूर तोंडापर्यंत येऊन थांबला. मॅनेजरने मान वर केली. माझ्या इकाम्याचा निकाल त्या बाकावर बसला होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मला सुचलं ते एवढंच, जे मला येतं. मी पर्याय मांडले. ए, मला शिकवायला नेहमीच आवडतं. यात 'नेहमीच' आहे, खोडला. बी, मला काही फरक पडत नाही. हा उदासीन, हे उत्तर कधीच नसतं. उरले दोन. सी, कंपनीने सांगितलं म्हणून. डी, माझी धाकटी अजून शिकते आहे आणि घरी टोमॅटो सोडून काही पिकत नाही म्हणून. दोनांत मिळमिळीत कोणता, ते उघड होतं.

"कंपनीने सांगितलं म्हणून," मी म्हणाले.

उंच मुलीने क्षणभर विचार केला. "हे खरं आहे," ती म्हणाली, "पण प्रश्नाचं उत्तर नाही. तुम्हीच शिकवलंत. असा पर्याय खोडायचा."

तेवढ्यात मॅनेजरच्या फोनची घंटा वाजली. तो उभा राहिला. "उत्तर काय? पहिल्या प्रश्नाचं? ए, बी, सी, का डी?"

कोणालाच माहीत नव्हतं. एकही प्रश्न कोणी वाचला नव्हता.

नंतर साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. साहेबांच्या मते तास अप्रतिम झाला, मुलं बोलली, स्थानिक गुणवत्ता म्हणतात ती हीच. मॅनेजरच्या मते तास शून्य झाला, कारण उत्तरं शून्य. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन करत ही मतं मांडली. मी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली. तिकीट कुठल्या विमानतळावरून मागायचं, एवढंच डोक्यात होतं.

तेव्हा माझी वारसदार म्हणाली, "या गेल्या तर मुलं नापास होतील. मला ते खोडायचं जमत नाही. आणि नाव माझं खराब होईल."

"पण जागा एकच आहे," साहेब म्हणाले.

"मग दुसरी शोधा," ती म्हणाली. तिने हे अरबीतही सांगितलं, बऱ्याच विस्ताराने आणि आवाज जरा चढवून. मला त्यातलं 'खलास' तेवढं कळलं.

साहेब संगणकावर पदांची नावं उलगडू लागले. समन्वयक यादीत गेलेलं होतं. सचिव गेलेलं. इन्स्पेक्टर तर नवऱ्याबरोबरच गेलं होतं. बराच वेळ खाली-खाली जाऊन त्यांचा चेहरा उजळला. "स्टोअर कीपर आहे. परदेशी माणसाला अजून मोकळं आहे."

"पण मी कुठलं सामान सांभाळते?"

"तुमची ती फाईल आहे ना?" ते म्हणाले. "माशाअल्लाह, केवढी जाड आहे."

अशा रीतीने मी इंग्रजीच्या उताऱ्यांची स्टोअर कीपर झाले. इकामा एका वर्षाने वाढला. अर्धा तास ती मुलांशी बोलते, अर्धा तास मी त्यांना खोडायला शिकवते. माझ्या अर्ध्या तासाला ती मागच्या बाकावर बसून शिकते आणि तिची प्रगती चांगली आहे. परवा तिने लागोपाठ तीन पर्याय बरोबर खोडले. मी शाबासकी दिली, आणि देताना पुढच्या वर्षीच्या इकाम्याचा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

तास झाला त्या रात्री नवऱ्याचा फोन आला होता. "बोला अबला. काय निकाल?"

मी सगळं सांगितलं. स्टोअर कीपरवर तो इतका हसला की टोमॅटोचं पाणी शेजारच्यांच्या गच्चीवर गेलं म्हणे. मग म्हणाला, "आणि त्या नावाड्याचं काय झालं? पूल झाल्यावर?"

"उतारा तिथेच संपतो."

"असं कसं? पुस्तकात बघ ना पुढे."

"आमच्याकडे पुस्तकं नसतात रे. उतारे असतात."

गच्चीवरच्या नळाचा आवाज येत राहिला.

फोन ठेवल्यावर मी फाईल उघडली. तो उतारा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा, प्रश्न झाकून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग त्यावरची पिवळी चिठ्ठी सोलून काढली आणि लाल लावली.