हलवून दिलेली बाटली

हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतानाही आधी खोलीचे दार लोटून घेतले — घरात दुसरे कोणी नसताना.

खामगावच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात मी शिकवतो. केस गळणाऱ्यांसाठी एक द्रावण तयार करत होतो. त्यातले नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, औषध आपल्या आत वाहून थेट केसांच्या मुळाशी उतरतील, अशी माझी खात्री होती. ती मी घरच्या प्रत्येक कार्यक्रमात बोलून दाखवत असे. अमडापूरच्या ताईने ते ऐकले. तिच्या मुलीचा, वैशूचा भांग रुंदावत चालला होता आणि स्थळे येऊ लागली होती. मी वैशूला म्हणालो, डॉक्टरांचे औषध थांबव, मामाचे लाव. असे म्हणण्याचा मला काय अधिकार होता?

ताई बाटली न्यायला आली, त्याच्या आधी सुट्टीत प्रयोगशाळेची वीज गेलेली. फ्रिज बंद. द्रावणाच्या तळाशी बारीक कणी बसली होती. कण एकदा एकमेकांना चिकटले की सुटे होत नाहीत, मुळाशी जात नाहीत — हे वर्गात मीच शिकवतो. पण बाहेर ताईचा आवाज आला, आणि मी बाटली जोराने हलवली. द्रावण दुधासारखे दिसू लागले. ते तिच्या हाती दिले. थांब, नवे करून देतो — एवढे म्हणायला काय लागत होते?

पावसाळा सरला तरी गुण नव्हता. भांग आणखी उघडा पडला होता. पाहुणे बघून गेले, निरोप आला नाही. ताई वैशूला घेऊन आली. मी विचारले — अगदी शांतपणे विचारले — मध्ये खाडे झाले असतील?

"नाही मामा. रोज लावलं म्या."

"मोबाइल पाह्यता पाह्यता लावे," ताई म्हणाली. "डोक्याले लावलं का फोनले, तिलेच माहीत."

ताई हसली. मीही हसलो. वैशूने ओढणी डोक्यावर घेतली. तेव्हा मी नुसता गप्प बसू शकलो असतो. पण म्हणालो, "नेम मोडला की असंच होतं."

रोज लावून तरी त्या बाटलीने तिला काय दिले असते?

वैशू आता शिक्षिका आहे. परवा घरी आली होती. माझ्या सुनेला डॉक्टरांनी केसांचे औषध दिले आहे, तिला समजावत होती — "नेमानं लावजो बाई. मामाचं औषध चांगलं होतं. म्याच खाडे केले, म्हणून वाया गेलं."

मी समोरच बसलो होतो. सुनेला म्हणालो, "ऐक तिचं."