टायपिस्टने सोडलेली जागा

धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसचे टायपिस्ट अनोळखी इंग्रजी शब्द डिक्शनरीत पाहिल्याशिवाय टाइपच करत नसत. त्या दुपारी साहेबांनी मला द्यायच्या मेमोत ‘कंट्युमेशस’ लिहिलं होतं. टायपिस्टनी माझ्यासमोरच डिक्शनरी उघडली.

ओठ हलवत त्यांनी अर्थ वाचला. “कोर्टानं बोलावूनही येत नसे, त्याले पूर्वी हे म्हणत. आता मुजोराले म्हणतात.” कागद घेऊन ते थेट साहेबांपुढे गेले. मी दारातच थांबलो.

“साहेब, याले तुम्ही विचारायले बोलावलं कधी? मी जागा सोडली आहे. शब्द तुमच्या हातानं लिहा.”

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. कागदावरची रिकामी जागा पाहिली. टोपण परत लावलं.

बाहेर येताच टायपिस्ट माझ्यावर गुरकावले, “रोज उशिरा येऊन राहिला गा तू. ते मी टाइप केलं आहे.”