तलवार तिची, आवाज माझा

"आवाज तुझाच राहील. पुढे मात्र ही उभी राहील."

खिडकी लावून घे म्हणावं, तितक्या सहज आमच्या मुख्याध्यापिका मॅडम हे म्हणाल्या. परेडची तलवार माझ्या हातात होती. ती काढून त्यांनी शेजारच्या मुलीला दिली. तिच्या वडिलांची कर्जतच्या बाजूला फार्महाऊसं. शाळेची नवी इमारत त्यांच्याच देणगीतून उभी राहत होती. पण लेकीला ऑर्डर देता यायची नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटायची.

मी म्हटलं, "मॅडम, निवड माझी झालीय."

"पाहुणे मोठे येणारेत गं. पुढे जरा शोभणारं कुणी हवं." मग शेजारच्या सरांकडे वळून म्हणाल्या, "आवाज काय, यांच्याकडे असतोच. जयंतीला ओरडून ओरडून कमावलेला."

सर हसले. तलवारवाली पण हसली. मी गप्प. त्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते.

आम्ही भिसेगावचे. बौद्ध. बाप रसायनीत, केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. खालापुरात मुलींची सैनिकी शाळा निघालीय, हे त्याच्या कानावर आलं आणि त्यानं ध्यासच घेतला. पोर लष्करात ऑफिसर होणार. बारावीनंतर मुलगे जातात त्या लष्करी प्रबोधिनीचं दार तेव्हा मुलींना बंद होतं. बापाला हे ठाऊक नव्हतं. शाळेला ठाऊक होतं. तरी शाळेच्या माहितीपत्रकावर त्याच प्रबोधिनीचा फोटो, आणि समोर सॅल्यूट ठोकणारी मुलगी.

मॅडम दरवर्षी भाषण करायच्या. मुलींना शिकवायला निघालेल्या पहिल्या बाईंवर लोकांनी शेण फेकलं, हे सांगताना त्या डोळे पुसायच्या. शेण फेकणारे कोण होते, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

वार्षिक परेडच्या दिवशी मला मंडपाच्या पडद्यामागे उभं केलं. हातात माईक. समोर मैदानात तलवार घेऊन ती, तिच्या मागे सगळी परेड. मी ऑर्डर द्यायची, तिनं ओठ हलवायचे. तिच्या कॉलरला खोटा माईकसुद्धा लावला होता.

परेड सुरू व्हायच्या आधी पडद्यापलीकडून बापाचा आवाज आला. कामावर खाडा करून आला होता.

"मॅडम, माजी पोर कुठं दिसत नाय. तलवार तिच्याच हातात हाय ना?"

"हो हो, तिच्याच हातात. दिसेल तुम्हाला. आधी तिकडे दोरीमागे जा, इथे खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत."

बाप "बरं, बरं" म्हणत गेला. पडद्याच्या फटीतून मी पाहत होते. मैदानाच्या पार टोकाला दोरी बांधलेली. तिच्यामागे आमच्यासारख्यांचे आईबाप, मेसच्या मावश्या, झाडूवाले काका. बाप टाचा उंचावून रांगेतल्या एकेका पाठीत मला शोधत होता. मला जे काय बोलल्या ते मी गिळलं होतं. पण त्याला खोटं सांगून दोरीमागे हाकललं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

बँड थांबला. पाहुणे उठून उभे राहिले. सलामीची वेळ झाली. मी माईक तोंडाशी धरला.

"परेड... पीछे मुड!"

वर्षभर माझ्याच आवाजावर चालणारे पाय ते. विचार न करता गर्रकन वळले. सगळ्या परेडनं पाहुण्यांना पाठ दाखवली.

"सलामी शस्त्र!"

लाकडी बंदुका खाडकन छातीसमोर आल्या. सलामी दोरीमागच्यांना मिळाली. मावश्या पदर सावरत सरळ उभ्या राहिल्या. बापानं एकदम हात कपाळाला लावला. तलवारवाली तेवढी पाहुण्यांसमोर तलवार खाली करून उभी. ऑर्डर न ऐकता, पाठ केल्यासारखे ओठ हलवत होती; मागे काय झालं, तिला पत्ताच नाही. पाहुण्यांचा हात अर्धवट वर अडकलेला, आणि मॅडमचा चेहरा पांढराफटक पडलेला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अजूनही होतो.

त्याच दिवशी मला शाळेतून काढलं. माफी माग, राहू देते, असं मॅडम बापासमोर म्हणाल्या. मी नाही म्हटलं. बाप माझी ट्रंक डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर पडला. एसटीनं आम्ही घरी आलो. दारात ट्रंक उतरवली आणि म्हणाला, "तुजा आवाज वळखला मी गं. पयल्याच शब्दाला." ऑफिसर व्हायचं मात्र तिथंच संपलं. तो घाव बापानं मरेपर्यंत सोसला.

आता प्रबोधिनीचं दार मुलींना उघडलंय. शाळेची स्मरणिका निघतेय, शाळेचा इतिहास म्हणून. मी कर्जतला पोलीस आणि सैन्यभरतीसाठी मुलींना मैदानावर तयार करते, हे तिथं कळलं असावं. तलवारवाली आता संस्थेची अध्यक्ष आहे. परवा तिचा फोन आला. "शाळेची एखादी गोड आठवण लिहून दे ना गं."

अध्यक्षबाई, ही घ्या आठवण. एक शब्द गाळायचा नाही. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ही तुमच्या इतिहासात छापली नाहीत, तर मी छापीन. प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर उभी राहीन आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक आईबापाला स्वतः वाचून दाखवीन.