क्रेग म्हणजे खडक

काचेच्या पेटीत माझा नातू आहे, दोन तळहातांत मावेल एवढा. सातव्यातच आला. ग्लासगोच्या या इस्पितळात त्याच्या नळ्या बघणाऱ्या दाढीवाल्या नर्सच्या छातीवर नाव लिहिलंय, क्रेग. मुलीने त्याला अर्थ विचारला.

"खडक," तो हसून म्हणाला. "इथल्या जुन्या गेलिक भाषेतलं आहे. आजोबांचंच नाव मला ठेवलं."

आमच्याकडेही दगडू, धोंडू असतातच की. पण ती नावं कौतुकाची नसत. आधीची मुलं गेली की पुढच्याला दगड म्हणायचं. मृत्यूला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. माझे सासरे धोंडू, पाचांमागे एकटेच वाचलेले. त्या नावाला आम्ही सुना तोंडाला पदर लावून हसायचो.

मुलीची आधीची दोन गेली. याचं नाव ठेवायलाच ती घाबरते. "घरी नेल्यावर बघू, आई," म्हणते.

आत्ता यंत्र पुन्हा ओरडलं. क्रेग धावत आला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली मी काचेला तोंड लावून म्हणाले, "ए दगड्या, पडून राहा इथेच. तुला मेल्याला कोण नेतंय!"