सोळा डबे गेले कुठे?

वैशालीने राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मी सोमवारी सुरू होणाऱ्या साबणाच्या सर्व्हेची घरं मुलींना वाटून देत होते.

"ताई, महिनाअखेर माझा शेवटचा दिवस धरा."

"दुसरीकडे लागलीस?"

"नाही. स्वतःचा बिझनेस करतेय."

परळच्या एका मार्केट रिसर्च कंपनीत मी फील्ड सुपरवायझर आहे. कोणता साबण, कोणता चहा कोण वापरतं आणि का वापरतं, हे कंपन्या आमच्यामार्फत विचारून घेतात. आमच्या मुली घरोघरी जाऊन प्रश्न विचारतात. सव्वीस वर्षं मी यातच काढली. वैशाली माझी सगळ्यात चांगली इंटरव्ह्यूअर. तिच्या तोंडावर दार लावलेलं मी तरी पाहिलं नाही.

बिझनेस होता प्रोटीन पावडरचा. लालबागला राहणारी तिची सुलभामावशी दोन वर्षं त्यात होती. नेटवर्क मार्केटिंग. म्हणजे आधी आपण सभासद व्हायचं, माल घ्यायचा, विकायचा, शिवाय आणखी सभासद आणायचे. त्यांनी घेतलेल्या मालावर आपल्याला कमिशन. ज्याने आपल्याला आणलं तो आपला अपलाइन, आपण आणलेले ते डाउनलाइन. वैशाली एकदम साठ डबे घेऊन थेट 'लीडर' होणार होती. त्यासाठी मुलीच्या नावाची दीड लाखाची एफडी सोमवारी मोडायची होती. नवऱ्याची नोकरी कंत्राटी, घर चालतं ते हिच्या पगारावर, आणि तोच पगार ती सोडायला निघाली होती.

मी देसाई सरांकडे गेले.

"थांबव तिला," सर म्हणाले. "हवी तर पगारवाढ दे. लहानशी."

"पगारासाठी नाही चालली, सर. तिला पटलंय ते."

"मग न पटेल असं काहीतरी कर. साबणवाला क्लायंट माझा जीव खाईल."

मी वैशालीला कँटीनमध्ये बसवलं. तिने माझं बोलणं सुरूच होऊ दिलं नाही.

"ताई, तुम्हीच बघा ना. मावशीच्या लाइनमधली घरं देते. आपण दोघी जाऊ. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार, बस."

साबणाचा रिपोर्ट चुकला तर क्लायंट चार शब्द सुनावतो. इथे एका पोरीची एफडी होती.

शनिवारी सकाळी निघालो. मावशीने नऊ घरांची यादी दिली होती. ज्याचा स्वतःचा फायदा आहे त्याने दिलेली यादी म्हणजे सॅम्पल नव्हे, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. तरी घेतली, कारण दुसरी नव्हतीच.

आणि मग मी एक चूक केली. नेहमीसारखी प्रश्नावली काढली. पावडर वापरता का? हो. किती? महिन्याला दोन डबे. फरक वाटतो? खूप, गुडघे दुखायचे थांबले. दुसऱ्यांना सांगाल? सांगतोच. चार घरं झाली, चारही ठिकाणी पाचपैकी पाच मार्क. वैशालीचा चेहरा खुलत चालला होता. मीही मनात म्हटलं, चला, बरं निघालं.

पाचवं घर परबकाकूंचं. मे महिना. काकू नुकत्याच मसाला कुटून घेऊन आल्या होत्या आणि लाल तिखटाच्या ढिगाऱ्यासमोर बसून डबे भरत होत्या. आमच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी खाली मान घालूनच उत्तरं दिली. आठ महिने घेतेय, महिन्याला दोन डबे, अगदी फ्रेश वाटतं. दीड-दोन किलो मसाला उरला आणि डबे संपले. त्यांनी गॅलरीत जाऊन शेजारणीला हाक मारली.

"अगो, रिकामा डबा आहे काय एखादा? घट्ट झाकणाचा?"

मी पेन खाली ठेवलं.

गिरणगावातल्या बाईने चांगला डबा टाकून दिलाय, असं होत नाही. फळीवर बघा, बिस्किटाच्या डब्यात कोकम, बाळाच्या दुधाच्या डब्यात तांदळाचं पीठ. पावडरचा डबा तर रुंद तोंडाचा, किलोचा, घट्ट झाकणाचा. मसाल्याला याहून बरा डबा मिळायचा नाही. आठ महिन्यांचे सोळा डबे संपवलेली बाई शेजारणीकडे रिकामा डबा मागत होती.

"काकू, पावडरचे डबे काय केलेत?"

"ते... दिले कुणाकुणाला."

"सोळाच्या सोळा?"

काकू वैशालीकडे बघून हसल्या, कानकोंडं हसू. मग खाटेवरची चादर वर केली. खाली अकरा डबे होते, सीलबंद.

"एक फोडला होता. घशाखाली उतरत नाय गो. चार भावजयीला दिले, तिने फोडलेपण नसतील. पण महिन्याला दोन घेतले नाय तर कमिशन बंद होतं. सुलभाला सांगू नको हां."

आमच्या धंद्यात याला पॅन्ट्री चेक म्हणतात. माणूस तोंडाने जे सांगतो ते लिहून घ्यायचं आणि मग परवानगी काढून स्वयंपाकघरात काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. बहुतेकजण समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. त्यातून ही सगळी माणसं सभासद. गिऱ्हाईक समजून मी दुकानदारांना विचारत होते, आणि ते आपल्या मालाला नावं कशाला ठेवतील? सव्वीस वर्षांनंतर मला हे पाचव्या घरात सुचलं, याची लाज वाटली.

आधीच्या चार घरांत परत गेलो. नंतर उरलेल्या चारांत. सातव्या घरापासून प्रश्न वैशालीच विचारू लागली. "काकी, रिकामा डबा दाखवता?" एवढा एकच. नऊ घरांत मिळून रिकामे डबे निघाले दोन. ते एकाच घरातले. तिथले आजोबा ऑपरेशननंतर खरंच पावडर पीत होते, आणि त्यांना ती मानवलीही होती. बाकी सगळीकडे माळ्यावर, कपाटावर, खाटेखाली सीलबंद माल. सभासद नसताना विकत घेणारा माणूस एकही भेटला नाही.

शेवटी मावशीकडे. वैशालीची आई लवकर गेली. लग्न लावून दिलं ते या मावशीने. त्यामुळे मी गप्प बसायचं ठरवलं होतं.

"मावशी, बाहेरचं कोण घेतं गं पावडर?" वैशालीने विचारलं.

मावशी पाणी आणायला उठली होती, ती परत बसली.

"कोण घेणार? माका काय म्हायत नाय?" ती म्हणाली. "तू साठ घेतलंस की माझी लेव्हल वाढता, माझे अडकलेले पैसे सुटतात. मग तू दोघी आण, तुझे सुटतील. मी पण असंच आलेलं."

तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. वैशालीकडे मात्र बघवेना.

सोमवारी ती बँकेत गेली नाही, साबणाच्या सर्व्हेला आली. दुपारी राजीनामा मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. सरांनी विचारलं, "पगारवाढ द्यावी लागली?" मी म्हटलं, "नाही, पण आता द्या." त्यांनी दिली, लहानशी.

तेव्हापासून असल्या स्कीमबद्दल कोणी सल्ला विचारला, तर मी एकच सांगते. कमाई किती होते ते विचारू नका, सगळे फुगवूनच सांगतात. सभासद नसलेलं आणि दुसऱ्यांदा पैसे देऊन माल नेलेलं एक गिऱ्हाईक दाखवा म्हणावं. ते नसेल तर पुढचं गिऱ्हाईक आपणच.

मावशी महिनाभर वैशालीशी बोलली नाही. पगार झाला त्या दिवशी वैशाली म्हणाली, "ताई, चला जरा." लालबागला गेलो. मावशीने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. वैशालीने पर्स काढून पूर्ण किमतीचे पैसे मोजले.

"एक डबा दे."

मावशीने सवयीने पावतीपुस्तक घेतलं. "सभासद नंबर?"

"नाही गं. नुसतं गिऱ्हाईक."

मावशीला ती पावती लिहायला बराच वेळ लागला. दोन वर्षांत तसली पावती तिने कधी फाडलीच नव्हती.