पट्टीला हात

ऑपरेटरच्या नाकावर राग कायम बसलेला असे, आणि त्याच नाकावर काळा चष्मा. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या ह्या माणसाला जन्मापासून काही दिसत नव्हतं, उजेडसुद्धा नाही. चष्मा घसरला की डाव्या हाताच्या बोटाने तो वर ढकलायचा. चष्मा काढून ठेवला तरी बोट ठरल्या वेळी नाकापर्यंत जाऊन यायचंच. ह्या बोटाने त्याचा दोनदा घात केला होता.

अंधांच्या क्लबात शनिवारी दुपारी टेबलावरच्या चेंडूचा खेळ चालायचा. लांबलचक टेबल, भोवती कठडा, दोन्ही टोकांना गोलचे खळगे आणि मधोमध उभी फळी. चेंडूच्या पोटात लोखंडी छर्रे. फळीखालून तो घरंगळत आला की खुळखुळ वाजतो, आणि त्या आवाजावर बॅट टाकायची. गोल झाला की दोन गुण, चेंडू कठड्याबाहेर उडवला की समोरच्याला एक, अकराला आधी पोचेल तो जिंकला. बघणाऱ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. इथवर ऑपरेटरची काही तक्रार नव्हती. त्याचं वाकडं होतं सातव्या नियमाशी. प्रत्येकाने डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि सामना संपेपर्यंत तिला हात लावला की समोरच्याला दोन गुण.

"ज्यांना अंधुक दिसतं त्यांना बांधा की," तो दरवेळी भांडायचा. "मला कशाला? बंद दुकानाला पडदा हवाय कशाला?"

"नियम सगळ्यांना सारखा," क्लबातले म्हणायचे, आणि हा धुसफुसत पट्टी बांधायचा. मग ऐन रंगात डावं बोट उठायचं, नाकाशी जाऊन पट्टी वर सारायचं, शिट्टी वाजायची. मागच्या दोन्ही वर्षी जिल्ह्याच्या संघाच्या निवडीचा शेवटचा सामना त्याने असाच हातचा घालवला. संघात जागा एकच उरलेली असायची. यंदाही एकच होती. त्यातून पंचावन्नच्या पुढे निवडीला उभं राहता येत नाही, आणि ऑपरेटरला पंचावन्न पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते.

बायकोने त्याची शिकवणीच घेतली. जेवताना, रेडिओ ऐकताना, कुठेही बोट नाकाकडे गेलं की फाटकन चापट.

"मी काय बालवाडीत आहे?" तो खेकसायचा.

"बालवाडीतली मुलं ऐकतात तरी," ती म्हणायची.

महिनाभरात बोट बरंचसं सुधारलं. चापटींनी दोघांचं बोलणं मात्र निम्म्यावर आलं.

निवडीच्या दिवशी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत, समोर होती बँकेत कारकून असलेली एक तरुण बाई. तिला सावल्यांपुरतं दिसायचं. पट्टीआड तेही गेलं, तरी पोरीचे कान असे तीक्ष्ण की ऑपरेटरच्या तोंडाला फेस आला. पाच-पाच, सात-सात, नऊ-नऊ. सर्व्हिस त्याची. एक गोल, की संघात.

चेंडू त्याने उजवीकडे नीट ठेवला. कपाळावरून घाम ओघळला, आणि डावं बोट उठलं. पट्टीची कड त्याला बोटाखाली स्पष्ट लागली. गेलं, त्याने मनाशी म्हटलं, आणि तो शिट्टीची वाट बघत उभा राहिला.

शिट्टी वाजलीच नाही.

पंच म्हणजे शाळेत पीटी शिकवणारा एक तरुण मास्तर. तो ऑपरेटरच्या कानाशी वाकला. "असू दे, काका. पाहिलं मी. पण तुम्हाला तसंही काय दिसणार आहे? खेळा बिनधास्त."

दोन वर्षं ऑपरेटर हेच तर घसा फोडून सांगत होता. आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिने हात लावला असता तर?" त्याने मोठ्याने विचारलं.

"तिला थोडं दिसतं, काका. तिचं वेगळं."

"शिट्टी वाजव."

"अहो, पण..."

"वाजव म्हणतो ना! आंधळ्यांना सवलत देतोस, तीही आंधळ्यांच्याच खेळात?"

शिट्टी वाजली. अकरा-नऊ. बँकवाली गोंधळून उभी राहिली. ऑपरेटरने चाचपडत तिचा हात शोधला, एकदा हलवला आणि सोडून दिला. त्याला अभिनंदनही नीट करवलं नाही.

रस्त्यावर आल्यावर बायकोचा बांध फुटला. "महिनाभर हात दुखले माझे! तो आपणहून सोडत होता, घ्यायचं होतं गप्प. काय बिघडलं असतं?"

"घेतो ना रोज!" तो ओरडला. "बसमध्ये जागा देतात, घेतो. हॉस्पिटलात माझा चहा दुसराच कुणी तरी भरून आणतो, घेतो. रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो तरी लोक हाताला धरून पलीकडे नेऊन सोडतात, मला जायचं असो नसो. ह्या एका टेबलापाशी मला कुणी काही फुकट देत नव्हतं. तिथंही घेऊ?"

काठी आपटत तो तिच्या पुढे तरातरा निघाला. चौकाशी फुटपाथ संपला. पलीकडून गाड्या सुसाट जात होत्या, आणि हा रस्ता त्याच्या पायाखालचा नव्हता. तो थांबला. बायको येऊन हात धरीपर्यंत त्याला तिथे उभं राहावं लागलं, आणि ह्या उभं राहण्याचा राग त्याला हरण्यापेक्षाही जास्त आला.