वालाची पारख

कडधान्य घेण्याआधी सुमनमावशी दाणा चावून पाहत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या घाऊक दुकानात त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळाचा दाणा काढून दाढेखाली धरत आणि निकाल देत, "सेठ, हा मागच्या सालचा."

"मावशी, आप दात घर पे रखके आया करो," सिंधी दुकानदार म्हणे आणि दुसरं पोतं उघडे.

बदलापूरला, बेलवलीतल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत. नवरा गेल्यापासून दारात टेबल मांडून मोड आलेली कडधान्यं विकत. घर त्यावरच चाललं. "मटकी भोळी, कुणाशीही जमवून घेते," त्या गिऱ्हाइकांना सांगत. "चवळीला स्वतःचं मत नाही, मसाला म्हणेल ते खरं. वालाचं तसं नाही. त्याचा कडूपणा काढायचा, पण सगळा नाही. सगळा काढायचा तर मग पावटेच न्या." वालाच्या बिरड्यात मूठभर गूळ घालणाऱ्या शेजारणीला त्यांनी विचारलं होतं, "खीरच करायची होती तर वालांना कशाला त्रास दिला?"

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. एरवी त्या फडक्याच्या पुरचुंडीचा वास घेऊन मोड आलेलं कडधान्य कधी बाहेर काढायचं ते ठरवत. आता घड्याळ पाहून काढू लागल्या. थंडीत ते निभावलं. एप्रिलच्या उकाड्यात वाल त्याच घड्याळावर ठेवले आणि ते फडक्यातच आंबले.

ते पालेगावच्या एका बाईंनी नातवाच्या बारशासाठी नेले होते. दुपारी त्या पिशवी घेऊन परत आल्या. टेबलापाशी आम्ही चार-पाच जणी होतो.

"मावशी, वाल आंबलेत. बोटाला तार सुटतेय."

सुमनमावशींनी मूठभर वाल नाकाशी धरले. बराच वेळ धरले.

"वालाला वास असायचाच," त्या म्हणाल्या.

"हा वास ओळखायला तुम्हीच शिकवलंत मला."

मावशींनी वाल पिशवीत परत टाकले आणि हात पदराला पुसले. "मला येत नाही वास," त्या म्हणाल्या. "थंडीपासून."

पैसे परत दिले गेले. बाई नको म्हणत होत्या.

त्या संध्याकाळी सून वैशाली म्हणाली, "आई, मी चावून बघत जाईन. तुम्ही नुसतं सांगा, कसा लागला पाहिजे."

"कडू," मावशी म्हणाल्या.

"किती?"

मावशींना ते सांगता येईना. कुळथाची, मसुराची उदाहरणं देऊन झाली. दुसऱ्या दिवशी टेबल आत गेलं. डॉक्टर म्हणतात, चव येईल किंवा येणार नाही.

मागच्या आठवड्यात मी बिरडं केलं आणि वाटीभर खाली नेलं. पूर्वी माझ्या बिरड्यातली चूक त्या पहिल्या घासाला सांगत आणि ती खरी असे. आता त्यांनी पूर्ण वाटी खाल्ली, तळ बोटाने पुसून.

"कसं झालंय?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तूच सांग," त्या म्हणाल्या.